पलंगांमधला नाच

चीनमधल्या शिजियाचुआंग शहरात आमच्या कापडगिरणीच्या कामगार भवनात दर शनिवारी नाच असायचा. माझी आई शूफन विणकाम खात्यात, बाबा यंत्रदुरुस्तीत. त्या नाचातच त्यांची ओळख झाली. मला आठवतं ते कोपऱ्यातल्या उबदार कोटांच्या ढिगावर बसून सूर्यफुलाच्या बिया खाणं, आणि गर्दीतून मधूनच दिसणारा आईचा लाल स्वेटर.

मग गिरणी बंद पडली. भवन एका फर्निचरवाल्याला भाड्याने गेलं. आई बाजारालाही लांबच्या रस्त्याने जायची, पण त्या दारावरून जायची नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मात्र जावंच लागलं, कारण स्वस्त पलंग तिथेच मिळत होते. नाचघरात पलंगच पलंग मांडलेले. आई दारातच थबकली. बाबांनी तिचा हात धरला.

"चल."

"अहो, लोक बघतायत! वेड लागलंय का?"

"बघू देत. पलंग घ्यायचा तर जागा मापून बघायला नको?"

आणि दोघं पलंगांमधल्या चिंचोळ्या वाटेने नाचू लागली. गाणं नव्हतं, बाबाच तोंडाने ताल धरत होते. वळताना आईची पिशवी एका आरशावर आपटली. विकणारी मुलगी धावत आली, बघत उभी राहिली आणि तिने गल्ल्यावरचा रेडिओ मोठा केला. "काका, उशा सांभाळा हं!"

मी लाजेने कपाटामागे लपले होते. आता वाटतं, पुढे येऊन नीट बघायला हवं होतं.

बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी नगरपालिकेने भवन परत घेऊन नवं केलं. नाचघराचं वाचनालय झालं. मी आईला मुद्दाम घेऊन गेले. लांबलचक टेबलं, गृहपाठ करणारी मुलं, भिंतीवर 'शांतता राखा'.

"नाचघरात शांतता!" आई मोठ्याने म्हणाली. सगळ्यांनी माना वर केल्या.

मला वाटलं, आता ही परत इकडे फिरकणार नाही. पण ती खिडकीजवळ बसली आणि तिने हातमोजे काढले.

"उबदार आहे गं," ती म्हणाली. "आणि आत यायला काही विकत घ्यावं लागत नाही."

हल्ली ती रोज जाते. गिरणीतल्या दोन मैत्रिणींनाही नेते. पेपर समोर धरून तिघी कुजबुजत बसतात, आणि वाचनालय सांभाळणारी मुलगी दर थोड्या वेळाने येऊन त्यांना दटावते, "आज्यांनो, हळू!"