खिडकीजवळची खाट

प्रश्न बाईंनी विचारायचा आणि उत्तरही बाईंनीच द्यायचं, अशी त्या घराची जुनी रीत होती. "चहा घेता ना? घ्या, घेताच तुम्ही." जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला, त्यामुळे तोंडाचा पट्टा सतत चालू. नवरा घड्याळजी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचा आणि घरी येऊन गप्प राहायचा. दोघांचं छान जमत होतं म्हणायचं.

मग घड्याळजींना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, हातपाय गेले, उरले ते डोळे. तेही तिळाएवढा स्क्रू टिपणारे. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी बाईंना बजावलं होतं, "विचारा आणि थांबा. पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही." बाईंनी थोडे दिवस करून पाहिलं, पण फार वेळ जायचा. आणि एवढा संसार केल्यावर नवऱ्याला काय हवं ते का विचारावं लागतं?

खिडकीत एक कधीचाच बंद पडलेला एसी होता, कडेला बोटभर फट राहिलेला. त्याच्यावर बाहेरच्या बाजूने पारव्यांनी घरटं केलं, पिल्लंही झाली. घड्याळजी तिकडे टक लावून बघायचे आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "पाखरं आवडतात ना? आवडणारच," म्हणत बाईंनी खाट ओढून पार खिडकीला चिकटवली. बिचाऱ्याला तेवढाच विरंगुळा.

घड्याळजींच्या मानेवर लाल पुरळ उठलं होतं, ते वाढलं. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, खरूज असेल. बाईंनी मलम चोपडलं, ट्यूबमागून ट्यूब संपवली. पिल्लं उडून गेली आणि पुरळ पाठीवर उतरलं. खाजवायला हात नाही, सांगायला तोंड नाही. माणसाचे याहून काय हाल व्हायचे? घड्याळजी आधी खिडकीकडे बघत, मग उशीकडे, मग बाईंकडे. "पाखरं गेल्याचं मनाला लागलंय हो त्यांच्या," बाई शेजारणीला सांगायच्या.

लेक भेटायला आली. बाबांना खुर्चीत बसवून दुपारी ती त्यांच्या खाटेवर आडवी झाली आणि जरा वेळाने मान खाजवतच उठली. पांढऱ्या उशीवर पेनाचं टोक टेकवावं एवढाले ठिपके होते. ठिपके चालत होते. तिने ते चिकटपट्टीवर धरले आणि आईला घेऊन थेट त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"पाखरांच्या अंगावरचे बारीक किडे, माइट आहेत हे," त्या भिंगातून बघत म्हणाल्या. "घरट्यात राहतात. फार झाले की फटीतून माणसाकडे येतात, चावतात. पाखरं उडाली की उपाशी पडतात, मग तर जास्तच. माणसाच्या अंगावर मुक्काम नाही करत. घरटं काढा, फट बुजवा, अंथरूण-पांघरूण कढत पाण्यात धुवा. खाजेसाठी गोळ्या देते."

"म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला," लेक म्हणाली. "आई, खाट खिडकीपाशी कुणी नेली गं?"

बाईंनी गोळ्यांची चिठ्ठी उचलून पिशवीत ठेवली.

लेकीने हातमोजे आणि मास्क घालून घरटं आधी ओलं केलं, मग पिशवीत बांधून बाहेर टाकलं. एसी निघाला, फट बुजली, खाट समोरच्या भिंतीला गेली. हळूहळू पुरळ सुकलं.

लेक आपल्या घरी गेल्यावर बाई खाटेशेजारी स्टूल घेऊन बसल्या.

"ते किडे तुम्हाला दिसत होते?"

पापणी एकदा मिटली.

"खाट सरकवली तेव्हा नको म्हणत होतात?"

पुन्हा एकदाच मिटली. बाईंना रडू आवरेना. एवढी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

"माझा राग आलाय? नसेलच म्हणा, तुम्ही कधी..." त्यांनी जीभ चावली, पदराने तोंड दाबून धरलं आणि थांबल्या.

घड्याळजींची पापणी मिटली आणि उघडली. ती दुसऱ्यांदा मिटेल म्हणून बाई वाट बघत राहिल्या.