खाणाऱ्यांची सुमारी

परभणीच्या कचेरीत कडूबाई शिरली ती तणतणतच. मागं बन्सीधर, वाडीतला एकटाच शिकलेला गडी. दोन वर्षांमागं घरोघर हिंडून वाडीची खानेसुमारी त्यानंच लिहिली होती. पेडगावाजवळच्या वाडीपासून त्याला ओढतच आणलं होतं म्हणा ना.

कडूबाई वाडीची सुईण. तीस वर्षं बाळंतपणं केली, पण दुसऱ्या कुणी आपल्या कामात हात घातलेला तिला खपला नाही. मात्र सून दैवशाला दोनदा अडली, दोन्ही वेळा मूल आडवं आलं आणि सासूच्याच हातात गेलं. आता तिसऱ्यांदा आठवा लागला होता, परवा पोटावरून हात फिरवला तर हेही आडवंच. तेव्हा बाईनं आपला ताठा गुंडाळून ठेवला. सरकार गावोगाव शिकलेली नर्सबाई देणार होतं म्हणे. ती तिला वाडीत पाहिजे होती, महिन्याच्या आत.

टेबलामागं दिनकरराव नावाचा साहेब. त्यानं वहीतून मानसुद्धा वर केली नाही.

"वाडीत दोन वर्षांच्या आतली मुलं चार. नर्स मिळते ती वीस असतील तिथं. जा."

"चार? डोळे फुटले काय तुमचे? माज्या एकट्या गल्लीत चार पाळणे हलायलेत!"

"छापील आकडा आहे, बाई. तुमच्याच गावानं सांगितलेला."

कडूबाई गर्रकन वळली. "बन्शा, मुडद्या, काय लिवलंस रं?"

बन्सीधरही वैतागला होता. "सांगितलं ते लिवलं! मारुतीच्या पारावर बाया जमवून तूच म्हणलीस न्हवं का आत्या, की खानेसुमारी म्हंजी खाणाऱ्यांची सुमारी? अंगावर पिणारं लेकरू काय भाकर खातंय, ते सांगू नका म्हणून? मी खोदून विचारलं तर बायांनी मलाच हाकलून दिलं."

साहेब खो खो हसला. "अहो, खाना म्हणजे घर! घरांची मोजणी!" शेजारचे दोन कारकूनही फिदीफिदी हसले.

कडूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. राग साहेबाचा, बन्सीधरचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. कुठून दुर्बुद्धी सुचली आपल्याला! पण निजामाच्या काळात धान्य वसूल करायला यायचे ते खाणारी तोंडंच विचारायचे. नव्या राजवटीत पिणारीही धरतात हे तिला कोण सांगणार होतं?

"बरं, चुकलं माजं. आता बराबर लिवा. दोन वर्सांत एकतीस नाळा ह्या हातानं कापल्यात."

"दहा वर्षांनी मोजणी होते. आता एकसष्टला सांगा."

"तवर सून पोट धरून बसंल व्हय?" तिनं टेबलावर अशी थाप मारली की दौत कलंडली. माणसं दारात गोळा झाली. ब्याद टळावी म्हणून असेल, साहेबानं कोरा कागद पुढं ओढला.

"आकडा बदलत नाही. पण शेरा मारून वर पाठवतो. आज खरोखर वीस असली तर विचार करतील. बोला."

आणि कडूबाई बोलायला लागली. सुमनबाईचा पोरगा, व्यंकटीच्या घरची जुळी, मनकर्णाची थोरली, मग धाकटी, पंडिताच्या लेकीची लेक. घरानंघर घेतलं, एक नाव अडलं नाही. एकतीस भरली तशी ती छाती पुढं काढून उभी राहिली. घ्या म्हणावं, चार काय चार!

"यातली जिवंत किती?"

ती थबकली. मग पुन्हा पहिल्यापासून, पेरांवर, एकेक करून मोजायला लागली. जुळ्यातलं एक बाराव्या दिवशी गेलं होतं. मनकर्णाची धाकटी आठव्या दिवशी आखडून गेली. पंडिताची नात देवीनं. साहेब बोटांनी टेबल वाजवत होता.

"एकोणीस," ती म्हणाली.

"एक कमी पडलं की." त्यानं टाक खाली ठेवला.

"बारा मेली ना! ती काऊन मोजत न्हाईत तुमी? ती मेली म्हणूनच तर बाई मागायलेय!"

"मेलेल्यांचा रकाना नाही यात." साहेबानं कागदाची घडी घातली आणि पहिल्यांदाच जरा समजुतीनं बोलला. "सून बाळंत व्हायची आहे ना? ते मूल जगलं की या. वीस होतील."

बन्सीधरनं मान खाली घातली. कडूबाई दोन पावलं पुढं झाली, आणि शिपायानं दंडाला धरून बाहेर काढेपर्यंत तिची आरोळी साऱ्या कचेरीत घुमत राहिली.

"आरं, ते जगवायलाच बाई पायजेल, मुडद्या! ते जगवायलाच पायजेल!"