टिपेश्वरला गेलेला भुऱ्या

"कोणालेच खरं वाटणार नाही, पण माह्या भुऱ्यानं वाघाले घरी पोचवून देलं," चहाच्या टपरीवर मांडी ठोकत धावजी म्हणाला.

भावसिंग हसला. "काका, तुमचं कुत्रं तं मांजर दिसली तरी खाटेखाली जाये."

"तोच भुऱ्या!"

हा धावजी एके काळी कुत्र्यांचा वैरी. कुत्रं दिसलं की पायातली चप्पल हातात यायची. एका साली त्याच्या कापसाच्या ढिगात गावच्या कुत्र्यांनी मुक्काम ठोकला होता आणि घाटंजीच्या व्यापाऱ्यानं कापसातले केस दाखवून गाडी परत धाडली होती. तो राग त्यानं कित्येक वर्षं जपला. मग वेचणीला गेलेल्या बायकोच्या, हंसाबाईच्या ओटीतून कापसासोबत एक पिल्लू घरी आलं, तोच हा भुऱ्या. पहिले काही दिवस धावजीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. पुढं मात्र ते ढिगावरच झोपायचं आणि धावजी त्याच्यावर आपला दुपट्टा टाकायचा. मग गावातली लंगडी, खरजुली कुत्रीही त्याच्या दारी जेवू लागली. कोणी दगड उचलला की धावजी त्याच्यावर धावून जायचा.

"पण वाघ आलाच कायले?" चहावाल्यानं विचारलं.

"बोंडअळी पाहाले! म्हणे, या गावात माह्यापेक्षा जास्त खाणारं कोण आलं? भुऱ्यानं त्याले कापसाच्या पऱ्हाटीत नेलं. वाघानं बोंड फोडलं, आत अळी. दुसरं फोडलं, तिथंही अळी. रडाले लागला बिचारा. मंग भुऱ्यानंच त्याले टिपेश्वरच्या जंगलात नेऊन सोडलं. आता तिथंच राह्यते. वाघ शिकार करते, हा हाडं वाटते."

टपरी हसली. धावजीला बरं वाटलं. लोक हसत होते तोवर भुऱ्या टिपेश्वरात होता.

"मंग वापस कवा येते?" भावसिंगनं विचारलं.

"येते ना. वेचणी लागली का..."

"खोटं."

जेवायला बोलवायला आलेली हंसाबाई मागं उभी होती.

"खोटं बोलून राह्यले तुमी. उघड्या बादलीतलं फवारणीचं पाणी पेऊन मेला तो. आपणच वावराच्या धुऱ्यावर पुरला त्याले." तिचा आवाज चढला नाही. "टिपेश्वरात असता, तं आता दर फवारणीले बादलीवर फरशी ठेवून, गावची कुत्री हाकलत, उन्हात तिथंच कायले बसून राह्यता?"