फोनच्या तारेवरून आलेलं अख्खं वाक्य

मित्रांनो, आज मी समोर आलो तर तुम्ही मला ओळखणार नाही. मी मोडेम आहे, जुना आणि काळा, विटेहून थोडा लहान. माझ्या कपाळावर लाल दिव्यांची ओळ आहे. पूर्वी संगणकाला इंटरनेटवर जायचं असलं की फोनच्या तारेतून जावं लागे, आणि संगणकाचं बोलणं तारेला समजावून सांगणारा दुभाष्या मी होतो.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. आठवतो तो १९९८ सालचा एस.टी.चा प्रवास. नाशिकहून जळगावपर्यंत मंदाबाईंनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बाळ आहे का हो?" मंदाबाई म्हणाल्या, "बाळच! फक्त रडतं मोठ्यानं."

ते खरंच होतं. नंबर लागताना मी असा किंचाळायचो की रस्त्यावरची माणसं दारातून डोकावत.

मंदाबाईंचा नवी पेठेत टायपिंगचा क्लास होता. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना संगणकाचं वेड लागलं. समोर जो येईल त्याला त्या आपली मतं ऐकवत. "सॉफ्टवेअर म्हणजे भरीत! वांगं असोदा गावचंच, मिरची तीच, पण चव असते करणाऱ्याच्या हाताला." ई-मेलचा पत्ता मिळाला तेव्हा तर त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. "घर बदला, गाव बदला, पत्ता तोच!" एकदा अर्ध्या मिनिटाचं गाणं उतरवायला मला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात सगळ्या क्लासचा दोनदा चहा झाला. गाणं वाजलं आणि त्यांनी टाळ्या पिटल्या. राग मात्र त्यांना एकाच गोष्टीचा यायचा. मराठी लिहायची तर इंग्रजी अक्षरांत लिहावी लागे. "आपल्या भाषेला उसने कपडे का?" असं त्या पडद्यालाच विचारत.

क्लासच्या शेजारी देवचंद नाना राहत. मूळचे धुळ्याकडचे. छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची उलटी अक्षरं, जुळवण्यात त्यांची तीस वर्षं गेली आणि यंत्रांच्या धडधडाटात दोन्ही कान गेले. बायको आधीच वारली होती. एकुलती एक लेक लीला धुळ्याला शाळेत शिकवायची. दर रविवारी ती घरमालक बन्सीलालशेठकडे फोन करी. शेठ पाच-सात मिनिटं ऐकून घेत आणि खाली येऊन नानांपुढे हात हलवत अहिराणीत म्हणत, "ठीक शे!" म्हणजे ठीक आहे.

लेकीच्या सात मिनिटांचे नानांना दोनच शब्द मिळत. हे मंदाबाईंना पाहवत नसे.

एका रविवारी सकाळी त्यांनी नानांना हाताला धरून माझ्यासमोर बसवलं. पाटीवर खडूनं लिहिलं, "लीला धुळ्यातल्या संगणक क्लासात बसली आहे. ती लिहील ते तुम्हाला इथं दिसेल. लगेच!"

नानांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नव्हता.

मी नंबर फिरवला आणि नेहमीसारखा ओरडलो. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. नानांनी मात्र माझ्या पाठीवर तळवा टेकवला. माझं अंग थरथरत होतं. त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. "बोली राहिना!" ते म्हणाले, म्हणजे हा बोलतोय! तोवर सगळ्यांनी मला आवाज कमी करायलाच सांगितलं होतं. त्या दिवशी मी जीव तोडून ओरडलो.

पडद्यावर ओळ उमटली. 'नाना, मी लीला. दिसतंय का?'

इंग्रजी अक्षरांत मराठी पाहून मंदाबाई धास्तावल्या. नाना हसले. "जनमभर उलटे खिळे वाचले बाई. हाई ते सुलटं शे!" आणि एकेक कळ शोधत त्यांनी उत्तर पाठवलं. मग दोघं घरच्या अहिराणीतच लिहू लागली. मंदाबाई नाचायच्याच बाकी राहिल्या. "अहो, अहिराणी चालली इंटरनेटवर!"

थोड्या वेळानं लीलाच्या ओळी आखूड झाल्या. 'नाना, एक सांगनं शे. फोनवर शेठले सांगता येत नव्हतं. पत्र लिखं, फाडी टाकं. नाना, मी'

आणि माझे दिवे विझले.

वर बन्सीलालशेठनी त्याच तारेवरचा दुसरा फोन उचलला होता! तेवढ्यानं आमचं बोलणं तुटायचं. नाना पडद्याकडे पाहत राहिले. "काय झालं तिले? आजारी शे का? सांगा ना!" मंदाबाई जिन्याकडे धावल्या. मी पुन्हा नंबर फिरवला. लाइन व्यस्त. पुन्हा फिरवला. पुन्हा व्यस्त. आयुष्यात मला माझी इतकी लाज कधी वाटली नाही.

शेठ वरून ओरडले, "चुकलं माझं! आता घराला आग लागली तरी फोनला हात लावत नाही!"

चौथ्या वेळी नंबर लागला. लीला धुळ्यात तशीच बसून होती. तिनं सगळं एका दमात लिहिलं. 'नाना, माले लगीन करनं शे. अभिमन नाव शे. माझ्याच शाळेत शिकाडस. पन तो आपला जातना नही.'

मंदाबाईंनी तोंड फिरवलं. हे बापलेकीचं होतं. एका बोटानं एकेक अक्षर टिपत नानांनी विचारलं, 'तुनं बोलनं शेवटलगून ऐकस का तो?'

'ऐकस नाना. मधीच तोडस नही.'

'मंग लई ये त्याले घर.' घेऊन ये म्हणाले नाना!

पलीकडून खूप वेळ काहीच आलं नाही. मी घाबरलो, पुन्हा तुटलं की काय! पण माझे दिवे लागलेले होते. लीला धुळ्यात रडत होती, आणि रडणं टाइप करता येत नव्हतं.

मे महिन्यात धुळ्याला साधेपणानं लग्न झालं. बन्सीलालशेठ आहेर घेऊन सगळ्यांत आधी पोहोचले.

मित्रांनो, पुढे माझ्याहून वेगवान मोडेम आले, मग तारही गेली, आणि मी कपाटात गेलो. माझी तक्रार नाही. मंदाबाई दिवाळीला माझ्यावरची धूळ पुसतात. मागणं एकच आहे. तुमच्या घरात कुणाला कमी ऐकू येत असेल आणि "काय म्हणाली ती?" असं त्यांनी विचारलं, तर "काही नाही" म्हणून हात हलवू नका. जवळ बसा. लिहा, बोटांनी सांगा, ओठ हलवून सांगा. पण सगळं सांगा.