टोपीवाला गेला की नेला

माझ्या नवऱ्याचं काय झालं ते मला गावपळणीत कळलं, आणि तेसुद्धा दोन बाप्यांच्या एका वेड्या भांडणातून. भांडण कशावरून, तर विलायतेतल्या टेलिव्हिजनवर बघितलेल्या एका हेरावरून. तोवर आमच्या आचऱ्यात टेलिव्हिजन कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण त्या हेराचे शौकीन मोजायला बसलात तर वाडीला दहा मिळाले असते.

ह्याला कारण तीन खलाशी. माझा नवरा हरिश्चंद्र, त्याचा चुलतभाऊ भिकाजी आणि शेजारचा भाई. त्या दिवसांत मी नवऱ्याला अहो-जाहो करत असे, आता करत नाही, म्हणून इथेही करणार नाही. तिघे एकाच बोटीवर होते. बोट लिव्हरपूलला लागली की खलाशांच्या वसतिगृहात उतरायचे आणि दर गुरुवारी तिथल्या खोक्यासमोर बसायचे. हेराचं नाव एकालाही धड उच्चारता येईना, म्हणून तो टोपीवालो. रजेवर आले की तिघे मिळून त्याची गोष्ट सांगायचे आणि त्यांची कामं वाटलेली असायची. गोळीबार भाईचा, पळापळ भिकाजीची आणि बोलणं सगळं माझ्या नवऱ्याचं. कारण इंग्रजी कळायचं ते त्यालाच. तो मॅट्रिकपर्यंत शिकलेला. भाईचं इंग्रजी 'यस सर'पाशी सुरू होऊन तिथंच संपायचं, आणि भिकाजी तेवढंही मान हलवून भागवायचा.

पासष्टची लढाई होऊन वर्ष उलटलं होतं. त्या दिवाळीला भाई आणि भिकाजी आले, तो आला नाही.

"लिव्हरपुलाक उतारल्याबरोबर कंपनीन तेका दुसऱ्या बोटीर घातल्यान," भिकाजी म्हणाला. "पत्र येतला, वयनी. घोर करू नको."

पत्र आलं नाही. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न गेलं. भाईला विचारावं तर तो माडांकडे बघायचा. मला फार काही नको होतं. तो कुठे आहे आणि त्याची वाट बघायची की नाही, एवढं कुणीतरी सरळ सांगायला हवं होतं. तीस वर्षांच्या बाईने दर सकाळी पोस्टमनच्या सायकलीकडे कान लावून किती दिवस बसायचं?

आणि नेमकी मार्गशीर्षात गावपळण लागली. आमच्याकडे काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळा गाव घरांना कड्या घालून, गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर पडतो. तीन दिवस, तीन रात्री माळावर माडाच्या झापांच्या खोपी बांधून राहायचं. चौथ्या दिवशी देवाने कौल दिला तर परतायचं, नाही तर आणखी राहायचं. लोकांना ही मोठी मौज. फुगड्या काय, भजनं काय, एकाच्या चुलीवरचं दुसऱ्याच्या पानात काय. मला मात्र काट्यांवर बसल्यासारखं झालं. घर बंद, विहीर बंद, पोस्टही बंद. आता पत्र आलंच तर कुणाच्या हाती पडेल, ह्या विचाराने मी खोपीतून बाहेर आणि बाहेरून खोपीत अशा येरझाऱ्या घालत होते.

"गो, जरा टेक गो," माझी सासू हौसाबाई म्हणाली. "अंड्याक इल्ले कोंबयेसारी फिरतस."

पहिल्याच संध्याकाळी दुकानदार महादूने सगळ्यांना जमवलं आणि भाईला फर्मावलं, "टोपीवाल्याची नवी गजाल काढ. तीन दिवस काय एकामेकांची तोंडा बघूची?" भाई आणि भिकाजी एकमेकांकडे बघत राहिले. सांगायची इच्छा दिसत नव्हती. पण माणसं हटेनात, तेव्हा भाई बसला.

"शेवटच्या गुरवारची गजाल ही," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी आमची बोट सुटली."

गोष्ट अशी होती. टोपीवाल्याला गुपित कागद घेऊन सरहद्दीपार जायचं आहे. स्टेशनवर धुकं दाटलंय. तिथल्या चहाच्या खोलीत तो आणि त्याची बायको समोरासमोर बसली आहेत. तिच्या हातात काळे मोजे आहेत.

"ती म्हणता, किती दिवस? तो म्हणता, घाय कित्याक? कागद पोचले काय येतलंय. ती म्हणता, मागच्या खेपेक पन ह्यांच सांगलंस. तो म्हणता, मागच्या खेपेक खोटा सांगलंय, ह्या खेपेक खरा सांगतंय."

माणसं खो खो हसली. मग टोपीवाला चमचा बशीत ठेवतो, टोपी घालतो आणि फलाटावर जातो. गाडी येते. इथवर दोघांचं छान जुळलेलं होतं.

"चडलो," भाई म्हणाला. "डब्यात चडलो, दार ओढून घेतल्यान. मागे वळान बघूक नाय."

"चडूक नाय," भिकाजी मध्येच म्हणाला. "खांबामागे दोन काळे कोटवाले होते. तेंनी तेका बगलेत धरून गाडयेत घातल्यानी. तेचो काय इलाज नाय होतो. तेना मागे बघल्यान. तीनदा."

"एकदा पन नाय."

"तीनदा बघल्यान."

झालं. दुसऱ्या दिवशी पेज होईपर्यंत माळाचे दोन तट पडले. टोपीवाला गेला म्हणणारे एकीकडे, त्याला नेला म्हणणारे दुसरीकडे. महादू भाईच्या बाजूचा. सरकारी काम आहे, बायको काय, बसेल घरी, असं त्याचं म्हणणं. भिकाजीच्या बाजूने वाडीतली मथुरा कंबर कसून उभी राहिली. "बायलेक टेशनार बसवन घोव आपणहून जायत काय? विलायतेतलो झालो म्हणान काय झाला?" गार्डाचा बावटा हिरवा होता की तांबडा ह्यावरून दोघांची जुंपली, आणि त्या खोक्यात रंगच दिसत नाहीत असं भाईने परोपरीने सांगूनही मिटली नाही. शाळेतले अप्पा मास्तर म्हणाले, "पुढील भाग पाहिल्याखेरीज निर्णय देणे उचित नव्हे." त्यांना दोन्ही तटांनी मिळून गप्प केलं.

माझी सासू ह्या असल्या गजालींत कधी पडत नसे. पण ती मथुरेच्या शेजारी जाऊन बसली. "न्हेलो तेका," ती म्हणाली. "आपणहून कोण जायत?" आणि दिवसभर तेच धरून राहिली.

त्या दुपारी लोकांनी गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मी मागे तांदूळ निवडत बसले होते. ऐकायचं नव्हतं, पण माळावर जाणार कुठे? चहाच्या खोलीतलं बोलणं पुन्हा शब्द न शब्द तसंच आलं, भाईचंही आणि भिकाजीचंही. फलाटावर मात्र गडबड सुरू झाली. भिकाजीचे दोन कोटवाले रातोरात तीन झाले होते. भाईच्या टोपीवाल्याने काल दार ओढून घेतलं होतं, आज तो खिडकीशी बसला होता. ह्या माणसांनी टोपीवाल्याच्या मागच्या गोष्टींत कधी शेंगदाण्याएवढाही फरक केला नव्हता.

मग माझ्या आणखी एक लक्षात आलं. फलाटावर कुणी बोलतच नव्हतं. कोटवाले मुके, गार्ड मुका. चहाच्या खोलीत नवऱ्याला एवढी बोलणारी ती बाई, ती नवरा निघून जाताना मुकी.

सूप माझ्या हातात तसंच राहिलं. ह्या दोघांना इंग्रजीचा गंध नाही. मग चहाच्या खोलीतलं बोलणं ह्यांना सांगितलं कुणी? आणि 'घाय कित्याक' हे काय विलायतेतल्या हेराचं बोलणं होतं? दर खेपेला निघताना मी रडायला लागले की घाई कशाला, हेच माझा नवरा म्हणायचा. म्हणजे तो तिथे होता. कसली दुसरी बोट आणि काय. शेवटच्या गुरुवारी तो ह्यांच्या शेजारी बसून सांगत होता. आणि टोपीवाला चमचा बशीत ठेवेपर्यंतच होता.

उठून त्या दोघांच्या थोबाडावर विचारायला हवं होतं. मला राग असा आला होता की कानशिलं तापली होती. पण रागाहून भीती मोठी होती. काय झालं असेल? बुडाला, मेला, तुरुंगात गेला? मी सूप टाकून चालत सुटले ती माळाच्या टोकापर्यंत. तिथून आमच्या घराचं कौलारू पाखं दिसत होतं. चार पावलांवर घर आणि जायची सोय नाही. अशी तीनदा जाऊन आले. जेवण गेलं नाही, डोळा लागला नाही. सासू नुसती बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाईने भिकाजीचा सदरा धरला. महादू त्याला डिवचत होता, तेवढं निमित्त झालं. "किती दिवस खोटा सांगतलंस?" भाई ओरडला. "तो आपल्या पायांनी गेलो."

"गप रव, भाई," भिकाजी म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

लोकांना चेव चढला. पण टोपीवाल्यापायी कुणाचे ओठ पांढरे पडत नाहीत. मी घोळक्यात घुसले.

"भाईनू," मी विचारलं, "फलाटार कोणच कसा बोलत नाय?"

भाईने सदरा सोडला.

"चायच्या खोलयेतला इंग्रजी तुमका कोणी सांगल्यान?"

"हां, ह्यां मातर बरोबर," महादू खूश होऊन म्हणाला. "गाडी सुटताना ती बाय काय म्हणाली, तां ऱ्हवलाच."

भिकाजीने मला काजूखाली नेलं. भाई मागून आला, आणि न बोलावता माझी सासूही आली. भाईने तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"तो माझ्या बाजूक बसलेलो," तो म्हणाला. "टोपीवालो फलाटार गेलो आनी हरी उठलो. पिशवी तेना दाराकडे ठेवलेली. उचलताना मी बघलंय तेका, रुक्मिणी. पन गाडी येय होती. मी म्हटलंय, हेचा संपांदे, मगे बघूया." आणि तो पन्नाशीचा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. "संपल्यावर भायर गेलंय. रस्त्यार कोण नाय होता."

"माका म्हायती होता," भिकाजी म्हणाला. "बंदराकडे एका गोऱ्या बायची खानावळ आसा. दोन वर्सा तो तिच्याकडे जाय होतो. आता थयच ऱ्हवता. आदल्या दिवशी माका सांगलेल्यान, रुक्मिणीक सांग दुसऱ्या बोटीर गेलो. वर्स-दोन वर्सात तिका सवय होतली."

"जाताना काय म्हणालो?" मी विचारलं.

भिकाजीने तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाला, "दारातसून म्हणालो, परत बोट लागतली तेव्हा शेवट माका सांगा."

मला वाटलं होतं मी किंचाळेन. काहीच झालं नाही. पायाखालची काजूची पानं तेवढी मी चुरत राहिले. भाई दोन दिवस मला खरं सांगत होता आणि भिकाजी दोन दिवस मला जपत होता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. दोघांचाही सारखाच संताप आला. शंभर माणसांत त्या मेल्या टोपीवाल्याच्या आडून सांगायची छाती होती, माझ्या दारात येऊन सांगायची नव्हती. आणि माझ्या नवऱ्याला माझ्यापेक्षा त्या गोष्टीच्या शेवटाची काळजी जास्त होती. माझं पुढे काय झालं ते सांगा, असं तो म्हणाला नव्हता.

सासू खोपीकडे परतली. संध्याकाळी बायकांच्या घोळक्यात मथुरेने तिला पुन्हा विचारलं, तेव्हा ती भाकरी थापताना म्हणाली, "न्हेलो तेका." मी तिच्याकडे बघितलं. तिने मान वर केली नाही. मी तिच्या शेजारी बसून चुलीत लाकडं सारत राहिले. तिला तिचा मुलगा परत हवा होता, त्याला मी काय बोलणार?

चौथ्या दिवशी सकाळी कौल झाला. देवाने परतायची परवानगी दिली. अर्ध्या तासात माळ उठला. कुणाच्या डोक्यावर टोपल्या, कुणाच्या काखेत कोंबड्या, कुत्री सगळ्यांच्या पुढे. मी गोधड्यांचं बोचकं बांधत होते. भिकाजी जवळ येऊन उभा राहिला.

"पुढच्या म्हयन्यात बोट धरतलो आमी," तो हळू म्हणाला. "तो भेटतलो. तेका काय सांगू, वयनी?"

महादू आणि मथुरा वाटेला लागता लागता थांबली. भाईही दोन पावलांवर होता. तीन दिवसांच्या भांडणाचा निकाल अजून लागायचा होता आणि माणसांना तो ऐकल्याशिवाय घरी जायचं नव्हतं. मला कुणाची चोरी उरली नव्हती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"तेना शेवट इचारलेलो ना? मगे सांगा तेका. टोपीवालो आपणहून गेलो काय तेका कोणी न्हेलो, तां कोणाक म्हायती नाय. बघूक थय कोण नाय होता. ती बाय चाय संपवन घराक गेली."

"आगो, असा कसा?" मथुरा म्हणाली. "आनी तो परत इलो तर?"

"येव दे. टेशन आसा थयच."

भाई जमिनीकडे बघत होता. भिकाजीने मान हलवली, निघायला वळला, तेवढ्यात माझ्या सासूने त्याला हाक मारली. तिने तांदळाचं मडकं डोक्यावर घेतलं होतं आणि एका हाताने सावरत होती.

"भिका, आनी एक सांग तेका," हौसाबाई म्हणाली. "तेची आये पन थय रवाक नाय. सुनेवांगडा घराक गेली."

मग ती माझ्याकडे वळली. "चल गो. तीन दिवस घर बंद आसा, झाडूक व्हया."