केसरबाईचा फॉर्म

टी.वाय.ला समाजशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी चाळीस घरांचे फॉर्म भरायचे होते. मी ते घरी खाटेवर लोळत एका दुपारी भरले. कोणाला काय विचारायचं? धुळ्याजवळच्या याच भीमनगरात जन्मलो, सगळी घरं तोंडपाठ.

वर्गातली साक्षी जळगावची, पिंप्राळ्याची. इथे होस्टेलला राहते. तिनेही आमचीच वस्ती निवडली. पाच रविवार आली आणि माझ्याच आजीजवळ, केसरबाईजवळ, ओट्यावर ठाण मांडून बसली. मी तिच्या कॉलनीत जाऊन असा बसलो असतो तर? आडनाव विचारून गेटवरूनच हाकलला असता.

विद्यापीठाच्या स्पर्धेला वर्गातून एकच प्रोजेक्ट जाणार होतं. ते माझंच, असं मी धरून चाललो होतो. अभिमन सरांनी दोघांचे फॉर्म शेजारी ठेवले.

"इथे केसरबाई निरक्षर. इथे केसरबाई चौथी पास, शाळेत पहिला नंबर. प्रशील, ही तुझी कोण रे?"

"आजी."

वर्ग खदखदून हसला. साक्षी हसली नाही. ते जास्त झोंबलं.

"सोमवारपर्यंत नीट विचारून आण," सर म्हणाले. "मग ठरवू कोणाचं पाठवायचं."

घरी आजीवर ओरडलो. "तिला सांगितलंस, मला का नाही?"

"ती उनी, बठनी, तिनी इचारं," आजी लसूण सोलत म्हणाली. "तू कव्हय इचारं?"

शनिवारी साक्षीचा फोन. "उद्या येते रे. आजींनी जेवायला बोलावलंय."

"आजी शिरपूरला गेली, लग्नाला," मी ठोकून दिलं. लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

रविवारी आजीने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या, ठेचा केला आणि दाराकडे बघत बसली. मी वही घेऊन समोर बसलो.

"आजी, तुझी शाळा कुठली? सुटली कशी?"

"साक्षी नही उनी का रे आज?"

"नाही. मला सांग ना."

"ते सगळं तिले सांगेल शे. तिनी वहीमा देखी ले."

मग तिने उठून दोन भाकरी फडक्यात बांधल्या, वर ठेचा ठेवला, गाठ मारली आणि गाठोडं माझ्या वहीवर आणून ठेवलं.

"होस्टेलवर दी ये तिले. गरम शे तंवर."

माझं ताट अजून वाढलं नव्हतं.