कॉरडरॉयची भिंत

घर रंगवायचं ठरलं की लोक दुकानातून रंगांची कार्डं आणतात. मी पिशवीभर चिंध्या आणल्या.

बाबांनी जन्मभर शिवणकाम केलं. पुढे नजर अधू झाली, मशीन बंद पडलं, पण चिमटीत कापड धरलं की ते अजून त्याची सगळी कुळकथा सांगतात. म्हणून मी गोणपाट, कॉरडरॉय, पॉपलीन असं एकेक त्यांच्या हातात देत विचारत गेले, "हे कुठल्या भिंतीला?"

"गोणपाट बाथरूमच्या दाराशी. झोपेतसुद्धा कळेल."

"आणि पॅसेजमध्ये?"

"कॉरडरॉय. रेघा आडव्या घे. हात आपोआप स्वयंपाकघरात पोचेल."

ओल्या गिलाव्यावर फणी ओढून कॉरडरॉयसारख्या रेघा काढायच्या म्हटल्यावर रंगारी म्हणाला, "बाई, लोक भिंत गुळगुळीत करून घ्यायला मला बोलावतात." मी त्याच्या हातात फणी दिली. दुपारपर्यंत तो शीळ घालत रेघा ओढत होता.

रंग सापडले ते जेवणाच्या टेबलावर. फिकटाशेजारी फिकट आलं की बाबांना सगळं धूसर दिसतं. एका सकाळी माझ्या निळ्या बशीतल्या, अर्ध्या कापलेल्या उकडलेल्या अंड्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे पिवळं दिसतंय मला." झालं. भिंती बलकाच्या रंगाच्या, चौकटी बशीच्या. शेजारीण म्हणाली, घर आहे की बालवाडी? म्हणू दे. तिला कुठे चाचपडत फिरायचंय?

नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून मी बाबांजवळच राहते. मला एवढंच हवं होतं, की बाबांनी याच घरात शेवटपर्यंत कुणाचा हात न धरता फिरावं आणि मी जवळ असावं. धाकट्या भावाला आम्ही लहानपणापासून साहेब म्हणतो, कारण हुकूम सोडण्यापलीकडे त्याने कधी काही केलं नाही. तो फोनवर म्हणाला, "ताई, तुला सुचेल तसं कर." साहेब असं कधी बोलत नाही. तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती.

रविवारी तो एका जोडप्याला घेऊन आला. त्यातल्या बाईंनी पॅसेजच्या भिंतीवरून हात फिरवला. "किती वेगळं आहे. कुठे बघितलंत हे?"

"हल्ली टेक्श्चरचीच फॅशन आहे," मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाला.

मी त्याला स्वयंपाकघरात ओढलं. "कोण ही माणसं?"

"घर बघायला आलीत. चिडू नकोस, ताई. बाबा माझ्याकडे येतायत. तुझीही सोय लावू कुठेतरी."

"बाबांना माहितीये?"

तो नळाकडे बघत राहिला. मला वाटलं, याने बाबांनाही फसवलं. खरं सांगते, क्षणभर बरंच वाटलं. निदान आम्ही दोघं एका बाजूला असू.

बाबा त्यांच्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"बाबा, हा घर विकतोय."

"हो."

"तुम्हाला कधी कळलं?"

"रंगाच्या आधीच. तो म्हणाला, घर नीट केलं की लवकर जाईल. मलाही आता मुलाकडे राहावंसं वाटतंय."

"मग मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी चादरीची सुरकुती बोटांनी सरळ केली. "सांगितलं असतं तर इतकं मनापासून केलं असतंस का तू?"

साहेबाशी मी कडाकडा भांडले असते. त्याची सवय आहे मला. पण केसाने गळा कापला तो बाबांनी, आणि तोही इतक्या मऊ आवाजात.

बाहेर त्या बाई विचारत होत्या, "पण या रेघा नक्की कशासाठी?"

"थांबा, मी दाखवतो," बाबा म्हणाले आणि उठले. काठी पलंगाशीच राहिली. भिंतीला हात लावून ते निघाले. पॅसेज, स्वयंपाकघर, वळून बाथरूम, कुठेही अडखळले नाहीत. मागून ते दोघं चालत होते. "हे कॉरडरॉय, हे गोणपाट," बाबा सांगत होते, "सगळं माझ्या मुलीनं केलंय." त्यांना असं चालताना बघायचं म्हणून तर मी हा सगळा खटाटोप केला होता. ते चालत होते आणि मला बघवत नव्हतं.

परतताना त्या बाईंनी डोळे मिटले आणि भिंतीला हात लावून बाबांच्या मागोमाग आल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "हेच घेऊ या."

बाबांचा चेहरा खुलला.